डांबरचे मासे आणि माझं बोट

मी जवळजवळ अकरा महिने आजारी होते. त्यातले पहिले चार महिने रोगाचे कमी आणि मी डॉक्टरांना दिलेल्या एका खोट्या उत्तराचे जास्त होते. आता औषधं संपली आहेत, बोट वाकतं आहे, म्हणून हे लिहायला बसले. कुणाच्या घरी कुत्रा असेल, कुणाच्या घरी काचेच्या पेटीत मासे असतील, कुणी रोज मासे साफ करत असेल, त्यांच्यापैकी एकीने तरी माझ्यासारखं तोंड मिटून बसू नये, एवढंच.

आमचं घर

रायपूरच्या पुरानी बस्तीत आम्ही राहतो. मी, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, कॉलेजात जाणारी मुलगी सायली आणि डांबर. डांबर म्हणजे आमचा कुत्रा. माझे मिस्टर अविनाश रस्त्यांच्या खात्यात होते. अभनपूरकडे एका रस्त्याचं काम चालू असताना डांबराच्या पिंपाजवळ हे काळं पिल्लू त्यांना सापडलं. नाव शोधायची गरजच पडली नाही.

अविनाश दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या जागी मला अनुकंपा नियुक्ती मिळाली. अट अशी की ठरलेल्या मुदतीत हिंदी टायपिंगची परीक्षा पास करायची, तरच नोकरी कायम. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कीबोर्डवर दहा बोटं ठेवली. पहिल्या परीक्षेत नापास झाले. दुसरी संधी शेवटची होती.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. पण अविनाश बाहेर मासे खायचे. मला माहीत होतं, आईंना नव्हतं. रविवारी डांबरला स्कूटरवर पुढे बसवून ते 'चक्कर मारून येतो' म्हणून जायचे. परतल्यावर दोघांच्याही मिशांना सारखाच वास यायचा.

ते गेल्यावर डांबर अर्धपोटीच राहायचा, आणि मीही ऑफिसला जायला लागल्यावर त्याने खाणंच सोडलं. स्कूटरच्या चाकाला नाक लावून पडून राहायचा. दूध-पोळी, भात, बिस्किट, काही नाही. पाच दिवस पाण्याशिवाय पोटात काही गेलं नाही त्याच्या. सहाव्या दिवशी मी ऑफिसातून येताना, आयुष्यात पहिल्यांदा, मासळी बाजारात गेले. नाकाला पदर लावून उभी राहिले. तिथल्या मासे विकणाऱ्या केवटीण बाईने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुकुर बर?"

मी मान हलवली. कुत्र्यासाठीच.

"उसन के देबे दीदी. कच्चा झन देबे."

उकडून दे, कच्चं देऊ नको. पहिल्याच दिवशी, न विचारता, तिने मला खरं सांगितलं होतं. पण उकडणार कुठे? आईंच्या स्वयंपाकघरात? वास तरी लपेल का? संध्याकाळी आई आरतीला देवळात जात, सायली क्लासला असे. तेवढा अर्धा तास माझा. मागच्या नळाजवळ बसून मी मासा कापला आणि कच्चाच डांबरसमोर ठेवला.

त्याने आधी हुंगलं. मग खाल्लं. सगळं खाल्लं आणि माझा हात चाटला. मी नळाजवळच बसून रडले.

त्या दिवसापासून रोजचं झालं. मोबाइलवर शोधून पाहिलं, कुत्र्याला कच्चा मासा चालतो का? कुणी लिहिलं होतं की जंगलातला प्राणी काय शिजवून खातो? कुणी लिहिलं होतं, अजिबात देऊ नका. मला जे सोयीचं होतं ते मी खरं मानलं.

काटा

छोटे मासे बाजारात कापून मिळत नाहीत, ते मीच कापायची. एका संध्याकाळी तिलापियाच्या पाठीवरचा काटा उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, म्हणजे तर्जनीत, घुसला. थेंबभर रक्त आलं. हळद लावली आणि विसरले.

तीन आठवड्यांनी तिथे तांबूस गाठ आली. दुखत फारशी नव्हती. पहिल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. काही फरक नाही. मग बोट सुजलं, वाकेना. ऑफिसातल्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांना संधिवात वाटला आणि त्यांनी बोटात इंजेक्शन दिलं. त्यानंतर बोट पिकल्यासारखं झालं, आणि मनगटापासून कोपरापर्यंत एकामागून एक चार गाठी चढल्या, माळेतल्या मण्यांसारख्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं.

खरं तर त्यांनी विचारलं होतं. माझ्या बोटाकडे बघत ते म्हणाले होते, "मछली, चिकन वगैरह साफ करती हैं?"

मी तोंड उघडायच्या आधी शेजारी बसलेल्या आई म्हणाल्या, "छे हो! आमच्याकडे अंडंही येत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नहीं."

या एका शब्दाने माझे तीन महिने खाल्ले.

हिंदी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली प, र, ह, ब, ल आणि स येतात. ते बोट नसलं तर 'रायपूर'सुद्धा लिहिता येत नाही. मी रोज संध्याकाळी नऊ बोटांनी सराव करायची आणि प्रत्येक ओळीत अडकायची. सायली मागे उभी राहून बघायची आणि चिडायची, "मम्मी, छोड़ दो ना! पहले हाथ दिखाओ किसी बड़े डॉक्टर को." चिडायची म्हणजे घाबरलेली असायची. बाप गेलेल्या पोरीला आईचा हातही काळा-निळा दिसत होता.

टीबी

मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो दिवस मंगळवार होता, हे मला आठवतं, कारण आईंचा उपास होता आणि त्या सकाळपासून पाण्यावर माझ्यासोबत बाकड्यावर बसल्या होत्या.

"टीबी जैसा दिख रहा है," मॅडम म्हणाल्या. "पक्का नहीं कह सकते. फेफड़े साफ हैं. कुछ जाँच और करेंगे."

बाकीचं मी ऐकलंच नाही. टीबी हा एकच शब्द कानात राहिला. सायलीला लागेल. आईंना लागेल. ऑफिसात कळलं तर शेजारची टेबलं रिकामी होतील. परीक्षा गेली, नोकरी गेली.

घरी आल्यावर मी माझं ताट, पेला, चादर वेगळी काढली. आईंनी पाहिलं. रात्रीच्या जेवणाला माझं वेगळं ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि नेहमीच्या ताटात वाढलं.

"आई, तुम्हाला लागेल."

"मले काय लागते आता? पंच्याहत्तरची झाली मी. जेव."

त्या दिवशी मला त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. ज्या बाईने माझं ताट उचललं, तिच्या अंगणात मी रोज मासे कापत होते. पण धीर झाला नाही. उलट दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने कापले.

जनावरांचे डॉक्टर

त्याच आठवड्यात डांबर बिघडला. आधी दोन दिवस उलट्या. मग मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. नळापर्यंत जाताना तो भिंतीला धडकला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना अशा नजरेने माझ्याकडे बघायला लागला. सायलीने त्याला ऑटोत घातलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर. डांबरचे डोळे पाहिले, मान वाकवून पाहिली.

"खाना क्या देते हैं?"

"रोटी, दूध, चावल," सायली म्हणाली. तिला तेवढंच माहीत होतं.

"बस? और कुछ नहीं?"

डांबर टेबलावर उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि पुन्हा पुन्हा बसत होता. अविनाशनी पिंपाजवळून शर्टात गुंडाळून आणलेला जीव. मी म्हणाले, "मछली. कच्ची. रोज. साल भर से."

सायलीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसरीच कुणी बाई आहे.

स्वतःसाठी मी तीन डॉक्टरांसमोर खरं बोलले नव्हते. डांबरसाठी एका मिनिटात बोलले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सरळ समजावलं. काही जातींच्या कच्च्या माशांत असं काही असतं की ते कुत्र्याच्या शरीरातलं एक जीवनसत्त्व नष्ट करतं. एकदा खाऊन होत नाही, रोज रोज खाऊन होतं. मग भूक जाते, तोल जातो, पुढे झटके येतात. शिवाय माशातले जंत असतात, घशात अडकणारे काटे असतात. "उबाल दीजिए, काँटा निकाल दीजिए, हफ्ते में दो दिन दीजिए. कच्ची बिल्कुल नहीं. ये अभी भी बच जाएगा."

त्यांनी डांबरला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. पट्टा धरायला मी हात पुढे केला आणि त्यांची नजर माझ्या बोटावर थांबली. चष्मा डोळ्यांवर आला.

"काटता कौन है मछली?"

"मैं."

"दस्ताने पहनकर?"

"नहीं."

"काँटा चुभा था कभी?"

मी बाही वर केली. कोपरापर्यंतच्या गाठी त्यांनी लांबूनच मोजल्या. मग विचारलं, "अपने डॉक्टर को मछली की बात बताई है?"

मी बाही खाली ओढली. त्यांनी डांबरच्याच औषधाच्या चिठ्ठीमागे दोन ओळी लिहिल्या, की ही बाई मासे कापते, काटा टोचला होता, माशातला जंतू तपासा, आणि म्हणाले, "बहनजी, मैं जानवरों का डॉक्टर हूँ, आपका इलाज नहीं कर सकता. पर ये कागज़ आज ही दिखाइए. आज ही."

ऑटोत सायलीने डांबरचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "दादी को कौन बताएगा?"

"मी," म्हणाले. आणि मला स्वतःलाच नवल वाटलं.

हो, मी कापते

आई हट्टाने दवाखान्यात सोबत आल्या. डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, उलटी केली, वर डांबरचं नाव पाहिलं आणि हसू दाबलं. मग गंभीर होऊन विचारलं, "आप मछली का काम करती हैं?"

"अवो नाही बाप्पा," आई म्हणाल्या, "आमी..."

"हो. मी कापते," मी मराठीतच बोलले, कारण ते उत्तर मॅडमसाठी कमी आणि आईंसाठी जास्त होतं. "डांबरसाठी. रोज. तुम्ही देवळात जाता तेव्हा."

आईंनी हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद धरून बसल्या.

मॅडमनी मात्र तेवढ्यात फोन उचलला होता. त्या प्रयोगशाळेला सांगत होत्या की हा नमुना थोड्या थंड जागी वाढवा, नेहमीच्या उबेत हा जंतू दिसत नाही. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

"टीबी का दूर का रिश्तेदार है. पानी में, मछली में रहता है. आपसे किसी को नहीं लगेगा. दवा लंबी चलेगी, पर ये ठीक होता है. पहले बता देतीं तो!"

आपसे किसी को नहीं लगेगा. मी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घरी पोहोचल्यावर आईंनी डोक्यावरून अंघोळ केली. मागच्या अंगणात बादल्यांमागून बादल्या पाणी ओतलं. आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, औषधाचा पेला ठेवायच्या, पण शब्द नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "अविनाश खात होता?"

"हो."

"कधीपासून?"

"नोकरी लागली तेव्हापासून."

"अन् तू मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही जेवल्या नसत्या, आई."

त्यांनी दोन-चार शेंगा मोडल्या. मग म्हणाल्या, "पोट्ट्याले काय आवडते हे मायले माहीत नाही. माझ्या भेवानं तुमी सगळे बाहेर खात राहिले, लपत राहिले. अन् तू तर बोटच घालवून बसत होती." डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मुकं जनावर उपाशी नाही ठेवायचं. पण शिजवून. अन् मागच्या अंगणात."

दुसऱ्या दिवशी तीन विटांची चूल मांडली गेली. एक जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं त्या कामाला निघालं. सायली रबरी हातमोजे घालून मासे साफ करू लागली. आई पाच हात लांब खुर्ची टाकून, नाकाला पदर लावून हुकूम सोडायच्या, "काटे पाह्य नीट! पाणी आटू दे अजून!"

डांबर आठवड्याभरात सरळ चालायला लागला. पंधरा दिवसांत मांजरामागे धावला. आमच्या घरात आधी तो जिंकला.

वॉर्ड

बोटाच्या आत घाण साचली होती, ती साफ करायला छोटं ऑपरेशन झालं. नऊ दिवस भरती होते. हात स्टँडला टांगलेला. पहाटे पाचला झाडूवाली, सहाला ताप मोजणारी सिस्टर, आठला पट्टी. पट्टीची वेळ जवळ आली की मी डाव्या हाताने खाटेची कड धरायची. शेजारच्या खाटेवर धमतरीकडची एक बाई होती, पाय मोडलेली. माझी पट्टी सुरू झाली की ती मुद्दाम मोठ्याने आपल्या नवऱ्याची फजिती सांगायला लागायची. सिस्टर हसायची, मी हसायची, आणि तेवढ्यात पट्टी व्हायची. तिचे उपकार मी कसे फेडू!

नव्या औषधाने लघवी केशरी होते, हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी विसरले होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळले. आई धावत आल्या, पाहून म्हणाल्या, "अवो माय, हळदीचं पाणी हाय का काय!" तेव्हापासून सायली रोज फोनवर विचारायची, "आज कौन सा कलर है?"

भीती मात्र गेली नव्हती. आतून तारा ओढल्यासारखं बोट दुखायचं आणि वाकायचं नाही. फिजिओथेरपीवाली ताई म्हणाली, रोज मऊ माती दाबा. आई म्हणाल्या, माती कशाला, कणीक आहे ना! टाके निघून जखम भरल्यावर रोज सकाळी त्या मला परातीसमोर बसवायच्या. पहिल्या दिवशी कणकेवर बोटाचा ठसासुद्धा उमटला नाही. दहाव्या दिवशी उमटला. आईंनी तो ठसा सायलीला बोलावून दाखवला. त्या दिवशीच्या पोळ्या दगडासारख्या झाल्या, पण आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

पाच आठवड्यांनी प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. तोच जंतू. जनावरांच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. आईंनी त्यांच्याकडे पेढे पाठवले, डांबरच्या हातून म्हणजे सायलीच्या हातून.

शेवटची संधी

परीक्षेला तेव्हा दोन महिने होते. गोळ्यांनी तोंड कडू, अंगात ताकद नाही, बोट अर्धंच वाकत होतं. डॉक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "टाइपिंग तो सबसे अच्छी कसरत है. कीजिए."

मग मी सुरू केलं. पहिले आठ दिवस फक्त र. नुसता र. मग प. मग रपरप. सायली घड्याळ लावून बसायची आणि चुका मोठ्याने मोजायची. दुखलं की मी थांबायची, गरम पाण्यात हात बुडवायची, पुन्हा बसायची. आधी, बोट धडधाकट असताना, मी घाबरत टाइप करायची. आता प्रत्येक अक्षर कमावलेलं होतं. वेग आपोआप आला.

परीक्षेच्या सभागृहात माझ्या दोन्ही बाजूंना पंचविशीतली मुलं होती. शिट्टी झाली. मला घड्याळ आठवत नाही, उतारा आठवत नाही. एवढंच आठवतं की माझं उजवं पहिलं बोट एकदाही वर राहिलं नाही. वेळ संपला तेव्हा शेवटचा पूर्णविराम देऊन झाला होता आणि माझ्या बोटातून ठणका कोपरापर्यंत जात होता. मी तो हात छातीशी धरला आणि हसत बसले. पर्यवेक्षकांनी विचारलं, "मैडम, तबीयत ठीक है?" म्हटलं, "एकदम."

मी पास झाले.

आता

औषधं सात महिने चालली. बोटावर गुलाबी वळ आहे. थंडीत ते थोडं आखडतं. डांबरला बुधवारी आणि शुक्रवारी उकडलेला मासा मिळतो, काटे काढून. बाकीचे दिवस दूध-पोळी आणि डाळभात. कच्चा मासा कुत्र्याला चालतो का, असं कुणी मला विचारलं तर मी लांब सांगत बसत नाही. नाही, म्हणते. शिजवा. आणि साफ करताना हातमोजे घाला. आणि हातावरची गाठ बरी होत नसेल तर डॉक्टरांना सगळं सांगा, घरचं माणूस शेजारी बसलेलं असलं तरी. विशेषतः बसलेलं असलं तर. घरच्यांना झेपणार नाही असं तुम्हाला वाटतं, पण तसं नसतं. चार दिवस रुसतात, मग चूल मांडतात.

परवा ऑफिसात बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला बोलावलं. माझी नोकरी कायम झाल्याचा आदेश काढायचा होता आणि ऑपरेटर रजेवर होता. ते जरा संकोचून म्हणाले, "मैडम, बुरा न मानें तो अपना ऑर्डर आप ही टाइप कर दीजिए."

मी बसले आणि केला. 'श्रीमती सुनंदा' यातला श, र आणि स, तिन्ही त्याच बोटाने. आमच्या अधिकारी साहेबांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, लाल पेन उचलला, काही सापडलं नाही म्हणून परत ठेवला, आणि सही केली.